डावा कान

हँगरच्या लोखंडी टेबलावर दोन हेडसेट.
एक जुना, हिरव्या वाट्यांचा,
कानशिलं अशी आवळतो
की तासाभरात चष्म्याच्या काड्या हाडात रुततात.
दुसरा काळा, हलका,
वायरीत साबणाच्या वडीएवढी डबी,
डबीत दोन सेल आणि एक बारीक दिवा.
तो लागला की इंजिन पुढच्या गावाला निघून जातं.

टेंभरे मॅडमना नोकरी लागली, दोन्ही विकायचेत.
म्हणाल्या, आज उडून ये, मग सांग.

आधी काळा.
रेडिओवरचा माणूस माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बोलत होता.
खाली बांध्यांत पाणी, रोवणीच्या बाया,
नाक वर धरून वेग सोडत गेले
तेव्हा पंखातली पिपाणी वाजली,
इतकी स्वच्छ मी कधी ऐकली नव्हती.
विकत घ्यायचा ठरवूनच टाकला.

मग उतरताना
रहांगडाले सरांनी आपला एक कान उघडा केला.
"काही ऐकू येतंय?"
"नाही सर."
"तेच."
काटा दोनशेनं खाली आला होता. हळूहळू,
पाय न वाजवता घराबाहेर पडणाऱ्या माणसासारखा.
कार्ब्युरेटरमध्ये बर्फ.
भंडाऱ्या-गोंदियाच्या श्रावणात, घामानं निथळताना, बर्फ!
गरम हवेचा दांडा ओढला. इंजिन खोकलं, ठसकलं, सावरलं.
ते खोकणं मला मांडीतून कळलं,
कानांना पत्ताच नव्हता.

दुपारी हिरवा.
त्यात सगळं येतं, थोडं थोडं:
खडखड, फ्लॅपची मोटर, दाराच्या फटीतला वारा,
सरांची सुपारीसुद्धा.
रात्री गादीवर पडले तर कानात रातकिडे.
पंखा बंद केला तरी रातकिडे.

हे किडे मी ओळखते.
बाबांच्या डाव्या कानात ते एकोणीस वर्षांपासून राहतात.

बाबा राईस मिलमध्ये फिटर.
कानात बोळे घाल म्हटलं
तर म्हणायचे, बोळे घातल्यावर मशीन बोलंन कोणाशी?
मशीन बोलत राहिली. डावा कान गेला.
आता ते लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवतात,
मूठ कानामागच्या हाडाला लावतात, डोळे मिटतात,
आणि सांगतात, आठ दिवस चालंन, मंग बसंन.
सातव्या दिवशी बसतं.

रविवारी दोन्ही हेडसेट पिशवीत घालून गावी गेले.
मिल चालू होती. भुसा नाकातोंडात.
बाबांना स्टुलावर बसवलं, काळा चढवला, दिवा लावला.
त्यांनी मिलकडे पाहिलं.
पट्टे फिरत होते, चाळण्या थरथरत होत्या.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
जसं कुणी वीज गेल्यावर पाहतं.
मग उठले, पेचकस घेतला,
टोक बेअरिंगवर, मूठ हाडावर.

बराच वेळ.
हमाल थांबले. मालकाचा पोरगा थांबला.

"बाप्पा," ते म्हणाले, फार मोठ्यानं,
कारण त्यांना वाटलं मिल बंद आहे,
"एक गोळी फुटली हाये आतमंदी.
किती दिसाची बोलून राह्यली ते,
अन् मले ह्या कल्ल्यात आयकूच नाई आली."

मी ओरडून सांगितलं, बाबा, पण ह्याच्यात इंजिनाचा आवाज लपतो.
त्यांनी ओठ वाचले.
"लपते तं हात लाव ना.
कान वाचव, हात काय कामाचे हायेत?"

तेव्हापासून मी इंजिन तापवताना डबीचा दिवा विझवते,
एक मॅग्नेटो, मग दुसरा, उघड्या कानानं.
वर गेल्यावर दिवा लावते
आणि डावा तळवा थ्रॉटलवरून काढत नाही.
दर पंधरा मिनिटांनी काटा. दर पंधरा मिनिटांनी गरम हवा.
सर विचारतात, ऐकू येतंय का?
मी तळव्याकडे बघते आणि मान हलवते.

हे सगळं मात्र हिरव्यातच.
दिव्याचं तर आता कुठलं?
काळा बाबांनी परत दिलाच नाही.
टेंभरे मॅडमना हप्ते जातात मिलच्या पगारातून,
आणि मी ऑफिसातून
कानात घालायचे फोमचे बोळे मागून घेतलेत,
हिरव्याच्या आत बसतील असे, पिवळे.